रमणे, तलाव आणि ई-क्लास: वऱ्हाडातल्या लहान रानांचं मोल

वऱ्हाडात वन्यजीवांचा विषय निघाला की बोलणं थेट मेळघाटावर जातं. त्यात नवल नाही. १९७४ मध्ये जाहीर झालेला हा देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर. शंभरहून अधिक वर्षं कुणाच्या नजरेला न पडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि या घुबडाचं एक भक्कम आश्रयस्थान मेळघाटात असल्याचं पुढच्या अभ्यासातून दिसलं. पण मेळघाट हा वऱ्हाडाचा उत्तरेकडचा डोंगराळ कोपरा आहे. गाविलगडचा डोंगर उतरलं की दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगांपर्यंत पूर्णेचं खोरं पसरलेलं आहे आणि वऱ्हाडातली बहुसंख्य माणसं तिथंच राहतात. या सपाट मुलखातही राखीव रानं आहेत. अकोला-वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवर महानच्या धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे, ७३.६९ चौरस किलोमीटरचं, १९८८ मध्ये जाहीर झालेलं. कारंजा लाडजवळ कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेलं अभयारण्य आहे, २००० सालचं, अवघं १८.३२ चौरस किलोमीटर. अमरावती शहराला खेटून पोहरा-मालखेडचं जंगल आहे, वडाळी आणि छत्री तलाव आहेत. बुलडाणा जिल्ह्यात लोणारचं विवर आहे. कारंजासारखी दीडशे अभयारण्यं एकत्र केली तेव्हा कुठं एक मेळघाट भरेल. मग एवढ्याशा तुकड्यांवर पैसा, माणसं आणि कायद्याची ताकद का खर्चायची, हा प्रश्न सरकारी बैठकांपासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण ते न मिळाल्यामुळंच ही रानं एकेक करून झिजत आहेत.

माझं म्हणणं असं की या रानांना मेळघाटाच्या मोजपट्टीनं मोजणं हीच मूळ चूक आहे. ही मेळघाटाची छोटी रूपं नाहीत. मेळघाटात सागाचं पानझडी जंगल राखलं जातं. इथं उघडा गवताळ माळ, तलावाचा उथळ काठ आणि बरड जमिनीवरचं काटेरी झुडपी रान राखलं जातं. मेळघाट कितीही वाढवला, कितीही चांगला सांभाळला, तरी काळविटाला त्याचा उपयोग नाही. काळवीट डोळ्यांवर आणि वेगावर जगणारा प्राणी आहे. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि दिसल्यावर धावायला मोकळं मैदान पाहिजे, एवढ्यावर त्याचं आयुष्य बेतलेलं असतं. दाट झाडीत तो आंधळ्यासारखा होतो, म्हणून तिथं तो जातच नाही. जमिनीवर अंडी घालणारा धाविक, पखुर्डी, चंडोल, गवतात लपणारे लावे आणि तित्तिर, उंदरांवर जगणारं खोकड, माळावर पिल्लं वाढवणारा लांडगा, या सगळ्यांना सूर्यप्रकाश थेट जमिनीवर पडेल असं रान लागतं. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी दिवसभर माळावरून खालून खालून उडत नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतात जमिनीवरच उतरतात. कारंजा-सोहोळच्या गवतात जे जगतं ते मेळघाटातल्या सेमाडोहच्या सागवानात जगू शकत नाही.

हे गवत आलं कुठून, याची कथा वऱ्हाडच्या महसुली इतिहासात आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १८५३ च्या तहानं निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली, खामगाव आणि अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या आणि पूर्णेच्या खोऱ्यातली कुरणं झपाट्यानं नांगराखाली गेली. तरीही त्या काळच्या वनव्यवस्थेनं एक गोष्ट ओळखली होती. वऱ्हाडातल्या सरकारी वनांचे तीन वर्ग पाडले गेले: पहिला इमारती लाकडाचा, दुसरा रमण्यांचा आणि बाभूळबनांचा, तिसरा चराईचा. रमणा म्हणजे राखून ठेवलेलं गवताचं रान. तिथं पावसाळ्यात गुरं सोडायची नाहीत, गवताला बी धरू द्यायचं आणि मग ते कापून न्यायचं. त्या राज्यकर्त्यांना काळविटाची नव्हे, बैलांच्या आणि घोड्यांच्या वैरणीची काळजी होती, हे खरंच. पण गवताचं रान हे स्वतंत्र प्रकारचं रान आहे आणि त्याला राखण्याची पद्धत वेगळी असते, एवढं शहाणपण त्या वर्गवारीत होतं. गावापुरतं हेच काम ई-क्लास जमिनीनं केलं. इतर महाराष्ट्रात जिला गायरान म्हणतात ती चराईची जमीन आपल्याकडे आजही सातबाऱ्यावर ई-क्लास म्हणून ओळखली जाते. रमणे आणि ई-क्लास मिळून गावोगावी गवताच्या पट्ट्यांची एक साखळी होती. कारंजा-सोहोळ हा त्या साखळीचा उरलेला एक मोठा दुवा आहे, असं मी मानतो.

या साखळीचं काय झालं हे समजायला तणमोराकडे पाहावं. कोंबडीएवढा हा पक्षी माळढोकाच्या कुळातला. पावसाळा लागला की नराला काळाभोर रंग चढतो, डोक्यामागं लांब तुरे फुटतात आणि तो गवताच्या वर उंच उड्या मारून मादीला आपली जागा दाखवतो. गुडघ्याएवढं गवत असलं तरच त्या उडीला अर्थ असतो. जगातली तणमोराची वीण मुख्यतः गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात होते आणि महाराष्ट्रात त्याची नोंद ज्या मोजक्या भागांतून होते त्यांत अकोला-वाशीमचा माळ आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. त्याच्यापुढची पायरी नामशेष होण्याचीच. म्हणजे वाघाहूनही अधिक धोक्यात असलेला प्राणी आपल्या ई-क्लासच्या गवतात आणि लगतच्या सोयाबीनमध्ये अंडी घालतो आणि आपल्यातल्या फार थोड्यांना त्याचं नाव माहीत असतं. ते ज्यांना माहीत होतं ते फासेपारधी. फास लावून तित्तिर, लावे आणि हरणं धरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. १८७१ च्या कायद्यानं अशा अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण माळावरचा त्यांचा हक्क काही कुणी मान्य केला नाही. कारंजा-अकोला भागात कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची संवेदना ही संस्था फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ राखण्याचं काम करत आली आहे. शिकारीसाठी मिळवलेलं ज्ञान तिथं राखणीला लागलं. गवत कधी बी धरतं, पक्षी कुठं बसतो, कोणत्या ओहळाकाठी घरटं असतं हे कोणत्याही पुस्तकापेक्षा या लोकांना नेमकं ठाऊक असतं. लहान रानं राखण्याचा सरकारी आराखडा करताना या ज्ञानाला मानाची जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

इथं एक आक्षेप नेहमी येतो आणि तो चांगल्या मनाची माणसंच घेतात. उघडा माळ हा उजाड झालेला माळ. पूर्वी तिथं जंगल होतं, ते तुटलं म्हणून गवत उरलं. तेव्हा तिथं झाडं लावणं हीच निसर्गसेवा. या समजुतीतून महाराष्ट्रात मोठ्या मोहिमा झाल्या: २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट. एवढे खड्डे खणायला मोकळी जागा कुठून आणायची? शेतकरी शेत देणार नाही, शहरात जागा नाही. मग राहिला माळ. सरकारी नोंदीतही गवताळ जमीन पडीक म्हणून दाखवली जात असल्यामुळं तिथं काहीही लावलं तरी ते सुधारणेच्या खात्यात जमा होतं. पण उघड्या माळाआधी सर्वत्र जंगलच होतं, या गृहीतकाला पुरावा कमकुवत आहे. दख्खनच्या बसाल्टावर जिथं मातीचा थर वीतभर आणि पाऊस बेताचा, तिथं गवत आणि विरळ काटेरी झाडं हेच जुनं रूप असू शकतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लीळाचरित्रासारखे जुने मराठी ग्रंथ, संतचरित्रं आणि लोकगीतं यांत रानातल्या कोणत्या वनस्पतींचे उल्लेख येतात ते शोधलं. उल्लेख मोठ्या प्रमाणात सापडले ते हिवर, खैर, तरवड, पळस अशा उघड्या, उन्हाच्या रानात वाढणाऱ्या झाडांचे. अभ्यास पश्चिम महाराष्ट्रापुरता आहे आणि तो तसाच्या तसा वऱ्हाडाला लावता येणार नाही. तरी ज्या प्रदेशांना आपण जंगल गमावलेले म्हणत आलो त्यांत काही शतकांपूर्वीही माळच होता, हे त्यातून दिसतं. लीळाचरित्राची घडण आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला झाली, त्यामुळं या पद्धतीनं वऱ्हाडाचा शोध घेणं इथल्या विद्यापीठांना अवघड जाऊ नये.

आक्षेपाचा दुसरा भाग कार्बनचा आहे. झाड हवेतला कार्बन धरून ठेवतं, गवत काय करतं? गवतही धरतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. पवण्या, मारवेल, कुसळी यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळं दाट आणि खोल असतात. त्यांनी धरलेला कार्बन मुख्यतः मातीत असतो. वणवा लागला तर झाडातला कार्बन धूर होऊन जातो, गवताची मुळं मात्र वाचतात आणि पहिल्या पावसात हिरवी होतात. तीच मुळं मुरमाड उतारावरची माती धरतात आणि पाणी हळूहळू खाली सोडतात. अशा जागी गिरिपुष्पाची रोपं ओळीनं लावली तर खड्डे खणताना जुनं गवत उपटलं जातं, सावलीत ते पुन्हा येत नाही आणि झाडाखाली तण माजतं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात माळावर अशी लागवड झाली होती आणि पक्षी अभ्यासकांनी तिला विरोध केला होता. झाडांना माझा विरोध नाही. गावठाण, शेताचे बांध, रस्त्यांच्या कडा, शाळांची आवारं, तुटलेल्या जंगलाचे उतार, या ठिकाणी वऱ्हाडात हवी तेवढी झाडं लावावीत. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढं जाणाऱ्या अकोल्याला सावलीची गरज दुसऱ्यानं सांगायला नको. पण रमण्यात लावलेलं झाड हे रमण्याचं नुकसान आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

काटेपूर्णेचं मोल वेगळ्या प्रकारचं आहे. महानच्या धरणातून अकोला शहर पाणी पितं. धरणाच्या भोवतीचा उतार झाडीखाली राहिला तर गाळ कमी येतो, हे पाटबंधारे खात्याला ठाऊक असलेलं साधं गणित आहे. म्हणजे अकोलेकर ज्या अभयारण्याला क्वचित भेट देतात त्याचा लाभ ते रोज नळावाटे घेतात. या झुडपी रानात चौशिंगा आहे. चार शिंगांचा हा एकमेव जंगली खूरवाला प्राणी जगात फक्त भारतात आणि नेपाळात आढळतो. कळपात राहत नाही, फारसा आवाज करत नाही, ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. अशा लाजाळू, थोड्या जागेत राहणाऱ्या प्राण्याला सत्तर-पंच्याहत्तर चौरस किलोमीटर पुरेसे ठरू शकतात. वाघाला नाही ठरत. म्हणून एखादं रान पुरेसं मोठं आहे का, हा प्रश्न कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय विचारता येत नाही.

तरीही लहानपणाचा आक्षेप पुरता निकालात निघत नाही, तो गंभीरपणे घ्यायला हवा. जीवशास्त्र सांगतं की वेगळ्या पडलेल्या छोट्या तुकड्यात प्राण्यांची संख्या कमी राहते, नात्यातच पैदास होते आणि एखादा रोग किंवा एखादा दुष्काळ सगळा कळप संपवू शकतो. हे खरं आहे. पण याच्या उलट टोकाला नान्नज आहे. १९७९ मध्ये तिथं माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं गेलं. गावं, शेतं, शहरं सगळी त्यात आली, लोक संतापले, अखेर त्याच्या सीमा मोठ्या प्रमाणात कमी कराव्या लागल्या आणि माळढोक मात्र जवळजवळ नाहीसा झाला. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरवर सुरू झालं आणि तिथं काळवीट वाढले. क्षेत्रफळ महत्त्वाचं असतं, पण त्या क्षेत्रावर खरोखर काय राखलं जातं ते त्याहून महत्त्वाचं ठरतं. इंग्लंडचा अनुभव इथं उपयोगी पडेल. प्लेगच्या पिसवेला शास्त्रीय नाव देणारे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी १९१२ मध्ये निसर्गक्षेत्रं राखण्यासाठी एक संस्था काढली आणि १९१५ मध्ये राखण्याजोग्या २८४ जागांची यादी सरकारला दिली. त्यांतल्या अनेक जागा लहानच होत्या. केंब्रिजजवळची विकन फेन ही दलदल तर १८९९ मध्ये दोन एकरांच्या खरेदीपासून सुरू झाली. आज ती शेकडो हेक्टरांवर पसरली आहे आणि तिथून नऊ हजारांहून अधिक जातींच्या जिवांची नोंद आहे. १९२६ मध्ये नॉरफोक परगण्यात चारशे एकरांच्या आसपासची पाणथळ जागा वर्गणीतून घेतली गेली आणि त्यातून परगण्या-परगण्यांत निसर्ग संस्था उभ्या राहण्याची प्रथा पडली. १९४९ च्या कायद्यानं तिथल्या नगरपालिकांना आणि परगणा परिषदांना स्वतःची राखीव क्षेत्रं जाहीर करायचा अधिकार दिला. आज अशी हजाराहून अधिक स्थानिक क्षेत्रं आहेत. पण तेवढ्यानं भागलं नाही. १९३० च्या दशकानंतर इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची जुनी कुरणं जवळपास ९७ टक्के नाहीशी झाली. म्हणून २०१० मध्ये जॉन लॉटन यांच्या समितीनं अहवाल दिला, त्यात राखीव जागा अधिक हव्यात, चांगल्या हव्यात, मोठ्या हव्यात आणि एकमेकींना जोडलेल्या हव्यात असं सांगितलं. लहान जागा सोडून द्या, असं त्या समितीनं म्हटलं नाही. त्या जोडा, असं म्हटलं.

जोडणं म्हणजे काय हे वऱ्हाडाला एका वाघानं दाखवून दिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नराला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो निघाला, मराठवाडा, तेलंगण आणि वऱ्हाडातून वळसे घेत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेव्हापर्यंत त्यानं १,३०० किलोमीटरहून अधिक चाल केली होती. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. दोन्ही वाघाच्या मानानं लहान. मधल्या मार्गावर तो नाल्यांच्या काठच्या झाडीतून, पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या शेतांतून, झुडपी जंगलांच्या तुकड्यांतून गेला. ते तुकडे नसते तर तो दिवसा लपला कुठं असता? ज्ञानगंगेत त्याला वाघीण मिळाली नाही, हेही सांगायला हवं. जोडलेली वाट अजून किती कच्ची आहे, याचा तो पुरावा आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या परिसरातून जातो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी आणि वरून जाणारे मार्ग ठेवले आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना गवत किंवा झाडी उरली नाही तर त्यातून जाणार कोण? तिथली ई-क्लास जमीन राखणं हा त्या पुलाचाच भाग मानला पाहिजे.

आता शेतकऱ्याचा आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. रोही, रानडुकरं आणि हरणं तूर, हरभरा, सोयाबीन फस्त करतात. कोरडवाहू शेतीत एका रात्रीचं नुकसान वर्षाचं गणित बिघडवतं. थंडीत मचाणावर बसून जागल करणाऱ्या शेतकऱ्याला जैवविविधतेचं महत्त्व सांगायला जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अभयारण्याच्या कडेच्या गावांना शहरांच्या वतीनं हा भुर्दंड सोसावा लागतो, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही बोलू नये. पण अभयारण्य उठवल्यानं हा प्रश्न सुटणार नाही. रोही आणि रानडुक्कर हे अभयारण्यावर अवलंबून नाहीत. जिथं एक हेक्टरही राखीव रान नाही अशा तालुक्यांतही ते पिकात आहेत. माळ नांगरले गेले, नाले सरळ झाले, लांडग्याला विष घातलं गेलं आणि राहिलेल्या हरणांना पिकाशिवाय हिरवं खायला उरलं नाही. गवत कमी झालं तर काळवीट शेतात अधिक येणार, हे उघड आहे. म्हणून उपाय दोन बाजूंनी हवा. भरपाई पंचनाम्याच्या फेऱ्यांत न अडकता त्या हंगामातच हातात पडली पाहिजे, कुंपणासाठी मदत सामूहिक असली पाहिजे आणि राखलेल्या गवताचा पहिला हक्क लगतच्या गावांचा असला पाहिजे. रमण्याची जुनी रीत इथं कामाला येते: पावसाळ्यात चराई बंद, बी पडल्यावर कापणी, कापलेली वैरण गावाला. गवत कापलं नाही तर ते वाळून दाटतं आणि वणव्याला आमंत्रण मिळतं. योग्य वेळी कापलं तर माळही ताजा राहतो आणि गोठाही भरतो. शेतकऱ्याचं हित आणि तणमोराचं हित एका वेळापत्रकात बसवता येतं, अट एवढीच की वेळापत्रक पक्ष्याच्या विणीनंतर सुरू व्हावं.

अमरावती शहराची बाब थोडी वेगळी. पोहरा-मालखेडच्या जंगलात बिबट्या आहे, तो विद्यापीठाच्या आवारात दिसल्याच्या बातम्या येतात आणि प्रत्येक वेळी जंगल शहरात आल्याचं बोललं जातं. शहर जंगलाकडे सरकत गेलं, हा मागच्या काही दशकांचा नकाशा मात्र कुणी पाहत नाही. इतक्या मोठ्या शहराला लागून एवढं जिवंत रान असणं ही महाराष्ट्रात थोड्याच शहरांना लाभलेली गोष्ट आहे. कचरा उघड्यावर पडला नाही, मोकाट कुत्र्यांची संख्या आटोक्यात राहिली आणि जंगलाच्या कडेचे नवे लेआउट थांबले, तर बिबट्याला शहरात यायचं कारण उरत नाही. तलावांच्या बाबतीत मात्र आपण फारच बेफिकीर आहोत. तलाव सुधारायचा म्हणजे काठाला दगडी किंवा काँक्रीटची भिंत, वर दिव्यांची रांग आणि मध्ये नावा, अशी एक ठरीव कल्पना झाली आहे. शेकाट्या, तुतवार यांसारखे पक्षी उथळ पाण्यात आणि चिखलात चोच खुपसून किडे शोधतात. हिवाळ्यात येणारा चक्रवाक मोकळ्या काठावर विसावतो. काठ उभा केला की त्यांचं ताट उचललं जातं. फिरायला येणाऱ्यांसाठी एक बाजू बांधावी, उरलेला काठ उतरता आणि मातीचा ठेवावा, एवढी तडजोड पक्ष्यांना पुरते आणि माणसांचंही त्यात काही जात नाही. लोणार तर तलाव म्हणून जगात विरळाच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातलं खारं, अल्कधर्मी पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये शोधलं आणि त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत जागा मिळाली. चार चौरस किलोमीटरही नसलेलं अभयारण्य जगाच्या यादीत जातं, ते तिथं जे आहे ते दुसरीकडे नाही म्हणून.

शेवटी प्रश्न राखणार कोण हा. वनखात्याकडे आहे तेवढ्याचीच राखण होत नाही, त्यात नवी नावं कशाला, असं विचारलं जातं. याचं उत्तर अचलपूरकडे मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर या गावानं दिलं आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला जवळपास दोनशे हेक्टर उजाड झालेल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. खोज या संस्थेच्या साथीनं गावानं चराई आणि तोड यांवर स्वतः बंधनं घातली, मातीचं आणि पाण्याचं काम केलं आणि तिथलं सीताफळ मुंबईपर्यंत विकलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा भारतीय जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. राखण करणाऱ्याला उत्पन्नाचा वाटा आणि निर्णयाचा अधिकार मिळाला की पहारा आपोआप बसतो. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे दोन प्रकार आणले आहेत, ज्यांत लोकांना उठवावं लागत नाही आणि व्यवस्थापनात गावाला जागा असते. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. सार्वजनिक चराईच्या जमिनींवरची अतिक्रमणं हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला निर्णय जानेवारी २०११ चा आहे आणि त्यानंतर जुलैमध्ये महाराष्ट्र शासनानं त्याबाबत आदेशही काढला. म्हणजे कायद्याची हत्यारं तयार आहेत.

वऱ्हाडातल्या वाचकाला म्हणून एक विनंती आहे. आपल्या गावच्या ई-क्लास जमिनीचे गट क्रमांक तलाठ्याकडून लिहून घ्या, ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही मागून त्यात त्या माळावरची गवतं, पक्षी आणि प्राणी नोंदले आहेत का ते पाहा, आणि नोंदले नसतील तर गावातल्या गुराख्यांना आणि पारध्यांना बरोबर घेऊन ते काम पूर्ण करा. पावसाळ्याआधी त्या गटात वृक्षलागवडीचे खड्डे घ्यायचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत उभं राहून ही जमीन पडीक नाही, हा आमचा रमणा आहे, असं लेखी नोंदवायला लावा.